मुदखेड स्पिन

४ जुलै
नाही, तुम्ही मला एवढंच सांगा, खो-खो खेळलेल्या माणसानं थाळीफेक शिकवू नये असं कुठं लिहिलंय? दाखवा तो जीआर. मघापासून तेच तेच लावलंय. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी इथंही मलाच खुलासा द्यावा लागून राहिला.

झालं एवढंच. मुख्याध्यापक शेषेराव सरांनी विचारलं, आनंदराज, थाळीफेक येते का? मी हाव म्हणालो. त्यांनी लगेच रजिस्टरात लिहून टाकलं. वर म्हणाले, विभागात एक तरी नंबर आणा, म्हणजे तुमच्या कंत्राटाचं संस्थेत बोलता येईल. जून ते नोव्हेंबर असं सहा महिन्यांचं कंत्राट आहे, त्यातला एक महिना स्वागत समारंभाच्या खुर्च्या मांडण्यात गेला.

आणि येत नाही असं नाही. बी.पी.एड.ला मी थाळी दोनदा फेकलेली आहे. एकदा सरावात आणि एकदा परीक्षेत, मॅडमचं लक्ष नव्हतं तेव्हा.

संकल्प: रोज पाचला उठणे. चहा बंद. थाळीफेकीवर मराठीत एक पुस्तक.

७ जुलै
साडेसातला उठलो. पण झोप शांत झाली.

अकरा व्हिडिओ बघितले. निष्कर्ष: जगात उभ्यानं थाळी कोणीच फेकत नाही. सगळे गरगर फिरतात. म्हणजे फिरणं हाच विषय आहे, फेकणं आपोआप होतं.

शाळेकडं थाळ्या दोन. एकीची कड ढिली. दुसरी शिपाई बजरंगनं माठावर झाकण म्हणून ठेवलेली. मागितली तर म्हणे, न्या की सर, माठात पाल पडली तर मात्र सही तुम्ही करायची.

९ जुलै
वर्तुळ आखलं. नियमात अडीच मीटर आहे. खुंटी ठोकली, अडीच मीटर दोरी बांधली, टोकाला पांढऱ्या फक्कीचा डबा धरून एक फेरा मारला. एकदम परफेक्ट गोल. बजरंग लांबून बघत होता. म्हणे, सर, यात तर खळं होईल, दोन बैलं आरामात फिरतील. त्याला म्हणालो, हे इंटरनॅशनल आहे. तो गप्प बसला. माहितीचा असा फायदा होतो.

१४ जुलै
पहिलं प्रात्यक्षिक. फिरलो छान. थाळी मागच्या बाजूला सुटली आणि खिचडीच्या शेडच्या पत्र्यावर बसली. चतुराबाई एका हातात पळी, एका हातात थाळी घेऊन बाहेर आल्या आणि विचारलं, हे कोणाचं हाय? मी मुलींना सांगितलं की फाउल कसा होतो ते मी मुद्दाम दाखवलं.

मग दहावीतली इकरा पुढं आली. ना गिरकी, ना काही. उभी राहिली आणि फेकली. चोवीस मीटर चाळीस. टेप पुन्हा लावला, तेवढंच. कुठं शिकलीस विचारलं. कुठंच न्हाई सर, अब्बूच्या दुकानात लोखंडाचे तुकडे भंगाराच्या ढिगावर फेकते, म्हणाली.

अब्बू म्हणजे गुलाम रसूल, स्टेशन रोडवर लेथ मशीनचं दुकान.

पोरीत कच्चा माल आहे. फक्त टेक्निक शून्य. माझं नशीब बघा, बरोबर माणसाकडं आली.

२ ऑगस्ट
फिरणं शिकवून राहिलो. माझ्या पद्धतीत सुरुवातीला दोन लांब पावलं आहेत, मग गिरकी, मग अजून एक पाऊल. व्हिडिओत एवढं दिसत नाही, पण आपल्याकडच्या मातीला हे सूट होतं. नाव ठेवलं, मुदखेड स्पिन.

आजचे आकडे: सतरा, एकोणीस, कुंपणाबाहेर, एकवीस. इकरा म्हणाली, सर, उभ्यानं जास्त जातंय की. तिची मैत्रीण तनुजा म्हणाली, अगं पण सरांच्या जात्यातून पीठ बारीक येतं. पोरी हसल्या. मी इकराला सांगितलं, लांबी म्हणजे सगळं नाही. हे वाक्य चांगलं झालं, पुस्तकात घेणे.

१९ ऑगस्ट
गुलाम रसूल शाळेत आले. ढिल्या कडेची थाळी घेऊन गेले होते, कड बसवून आणली. बोट फिरवलं तर जोड सापडत नाही. किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, लेकीचं काम हाय सर.

मग बाजूला घेऊन बोलले. इकराचं हे शेवटचं वर्ष, पुढं वयोगट बदलतो. विभागात पहिली आली तर स्टेट, आणि स्टेट खेळली तर क्रीडा वसतिगृहात घेतात. कोच, जेवण, शाळा सगळं तिथंच. पोरीला लई आस हाय, झोपेत हात फिरवते म्हणे. मला खेळातलं समजत न्हाई, आपण बोलाल ते खरं.

मी म्हणालो, माझ्यावर सोडा.

सोडलं त्यांनी.

१२ सप्टेंबर
तालुका स्पर्धा आपल्याच मैदानावर. इकरा पहिली. मुलींच्या थाळीफेकीत एन्ट्री एकच होती, पण नंबर हा नंबर असतो. गोळाफेकीचे पंच माझ्या वर्तुळात उभे राहून म्हणाले, ऐसपैस आहे. शेषेराव सरांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं. इकराचंही लिहिलं, खाली.

४ ऑक्टोबर
आज एकोणतीस मीटर दहा. स्पिननं! दोन लांब पावलं, गिरकी, पाऊल, आणि थाळी अशी तरंगत गेली की चतुराबाईसुद्धा बाहेर येऊन बघत राहिल्या. इकरा स्वतःच धावत गेली मोजायला. परत आली तेव्हा म्हणाली, सर, तुमचं बरोबर होतं.

हे तिनं म्हटलेलं इथं तारखेसह लिहून ठेवतो.

९ ऑक्टोबर
जिल्हा स्पर्धा, नांदेड. आदल्या दिवशी पाऊस. वर्तुळाचं तळं झालेलं, फक्की वाहून गेलेली. पंचांनी चिखलात एक रेघ ओढली आणि म्हणाले, कोणी फिरायचं नाही, पाय मोडाल, इथूनच उभ्यानं फेका. मी लेखी हरकत घेणार होतो, कागद ओला झाला.

इकरा चोवीस पंचाऐंशी. पहिली. दुसरीचे एकवीस.

सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला आनंद झाला नाही, कारण टेक्निक दिसलंच नाही. येताना गाडीत इकराला समजावलं की आजचं विसरून जा.

२८ ऑक्टोबर
दिवाळीच्या सुट्टीतही सराव. उभ्यानं फेकणं पूर्ण बंद केलंय. सवय मोडलीच पाहिजे. तिनं मधेच एकदा उभ्यानं फेकली तर मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. मारल्या बिचारीनं. कडक राहावं लागतं.

चहा मात्र चालू केला.

३ नोव्हेंबर, लातूर
सकाळी ८. गुलाम रसूल सोबत आहेत. दुकान बंद ठेवलंय. इस्त्रीचा शर्ट. इकरानं बूट पुसून पुसून फाडायचे बाकी ठेवलेत. आज इतिहास.

दुपारी २. पहिली फेक: फाउल. दोन लांब पावलं टाकली आणि गिरकीच्या आतच बाहेर. इथं वर्तुळाला लोखंडी कड आहे, तिच्यावर अडखळली. लाल झेंडा. नर्व्हस आहे.

दुसरी फेक: थाळी अठ्ठावीसच्या पुढं पडली. पण इकरा वर्तुळाच्या बाहेर तीन फूट. लाल झेंडा. पंच माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटले. स्थानिक राजकारण असणार.

तिसरीच्या आधी ती तिथूनच मला विचारत होती, सर, उभ्यानं टाकू का? टाकू का सर? सगळं मैदान बघत होतं. मी मान हलवली. नाही. स्पिन.

लाल झेंडा.

निलंग्याची एक पोरगी पहिली आली. बावीस पंचाऐंशी. उभ्यानं. टेक्निक शून्य.

संध्याकाळी ६, एसटी. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा गुलाम रसूल खाली उतरून माझ्यासाठी चहा घेऊन आले. साखर बरोबर हाय ना सर, असं विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

५ नोव्हेंबर
शेषेराव सरांना अहवाल दिला. खेळाडू ऐनवेळी दबावाखाली आल्यामुळं अपयश. मार्गदर्शनात उणीव नाही. हे वाईट हेतूनं लिहिलेलं नाही, अहवालात काहीतरी कारण लागतं.

सरांनी तो परिपाठाला माईकवरून वाचला. जसाच्या तसा. म्हणाले, मुलांनो, यातून शिका, मन घट्ट पाहिजे. दहावीची रांग समोरच होती. इकरानं खाली बघितलं नाही. माझ्याकडं बघत होती. मी घड्याळ बघितलं.

१४ नोव्हेंबर
आज जे झालं ते थोडक्यात लिहितो.

गुलाम रसूल मैदानावर आले. सोबत टेप आणि चोपडी. इकरा आता मैदानावर येत नाही, पण तिनं घरी सांगितलं होतं की लातूरला लोखंडी कड होती, तिची सवय नव्हती. तर त्यांनी ठरवलं की शाळेला तशी कड करून द्यायची, पुढच्या पोरींना कामी येईल. माप घेतो म्हणाले.

टेप आडवा टाकला. बघितला. उठले, दुसऱ्या बाजूनं टाकला. लेथवाला माणूस एकदा मोजून थांबत नाही.

म्हणाले, सर, हे पाच भरतंय. अडीच लागतं ना?

मी म्हणालो, अडीचच आहे. मधून कडेपर्यंत मोजा.

ते टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, आमच्या कामात हे झालं ना सर, तर पूर्ण माल वापस येतो. आवाज चढवला नाही. समजावून सांगतात तसं म्हणाले.

मी म्हणालो, मला बघावं लागेल, नियम बदलत असतात.

जाताना म्हणाले, पोरगी लातूरलाच बोलली होती. दुसऱ्या फेकीनंतर तिनं पावलांनी मोजलं, म्हणे अब्बू, हे आपल्या निम्मंच हाय. मीच तिला गप केलं. म्हणालो, सरांना मालूम राहते.

मग म्हणाले, वसतिगृहाची उघडी चाचणी हाय म्हणतात नांदेडला, चोवीसला. स्टेट न खेळलेल्यांची पण घेतात, शाळेनं नाव दिलं तर. शेषेराव सर न्हाई बोलले, कच्च्या मनाची पोरगी पाठवून शाळेचं नाव जातं म्हणून. आपण त्यांना एकदा बोला. बस एवढंच.

मी हाव म्हणालो.

१५ नोव्हेंबर
नियम तपासला. व्यास.

संकल्प: उद्या शेषेराव सरांना सगळं सांगणे. स्पष्ट. उभं राहून.

१७ नोव्हेंबर
काल रविवार निघाला. आज सर मीटिंगला.

१९ नोव्हेंबर
सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर, थाळीचं जरा, एवढं म्हणालो. त्यांचा फोन वाजला. चार मिनिटं थांबलो. समोर माझी कंत्राटाची फाइल होती, वरच. फोन ठेवून म्हणाले, बोला. मी विचारलं, फक्कीची अजून दोन पोती मिळतील का?

मंजूर झाली.

२१ नोव्हेंबर
नावं पाठवायची आज शेवटची तारीख. शाळा सुटेपर्यंत वेळ होता. तीनला जायचं ठरवलं. तीनला सरांकडं पालक होते. साडेतीनला पालक गेले, तेव्हा मी वर्गावर होतो. वर्ग माझा नव्हता, पण रिकामा होता, पोरं ओरडत होती.

पाचला बजरंग ऑफिसला कुलूप लावत होता. म्हणे, काय सर, काही राहिलं का? म्हणालो, नाही.

२४ नोव्हेंबर
नांदेडला चाचणी झाली. आपल्या शाळेकडून कोणी नव्हतं. तनुजाकडून कळलं की पहिली मुलगी तेवीस मीटरवाली. तनुजानं एवढंच सांगितलं आणि तिथंच उभी राहिली, काही ऐकायचं असल्यासारखी. मी तिला तासाला जा म्हणालो.

२७ नोव्हेंबर
कंत्राट वाढलं नाही. विभागात नंबर नाही, मग काय सांगणार संस्थेला, असं शेषेराव सर म्हणाले. वाईट वाटलं त्यांना. म्हणजे सांगितलं असतं तरी तेच झालं असतं. हा विचार दिवसभर आला, आणि त्यानं बरं वाटायला पाहिजे होतं.

हिमायतनगरच्या एका शाळेतून फोन. भालाफेक शिकवता येते का? मी हाव म्हणालो.

१ डिसेंबर, रेल्वेत
सामान दोन बॅगा. स्टेशनला ऑटोनं निघालो. वाटेत गुलाम रसूल यांचं दुकान. ठरवलं होतं की उतरायचं, दोघांना समोर बसवून नीट बोलायचं. दोन दिवस वाक्यं जुळवली होती.

दुकानात ते नव्हते. इकरा एकटीच होती, शाळेच्या ड्रेसवर, लेथपाशी. मशीन चालू. ऑटो थांबवला, पण उतरलो नाही. आतूनच म्हणालो, इकरा, वर्तुळ माझं चुकलं होतं. तू घाबरली नव्हतीस. मी सांगायला पाहिजे होतं.

लेथच्या आवाजात किती पोचलं माहीत नाही. तिनं ओठांकडं बघितलं माझ्या. मग काय सर, असं हातानं विचारलं, आणि ऐकू यावं म्हणून मशीन बंद करायला वाकली.

तिचा हात बटणापर्यंत गेला. आवाज उतरायला लागला.

मी ऑटोवाल्याला म्हणालो, चल.