शनिवारी मशीन कोणी चालवलं

रविवार, २० जुलै
हमरापूरला गेले. घरतच्या गणपती कारखान्यामागच्या खोलीत आमचं मशीन: कंपन्यांनी भंगारात काढलेले चार सर्व्हर, प्रत्येकात दोन प्रोसेसर, केबलींनी जोडून एक केलेले. भरतीला खाडीचा बांध कुठे फुटेल याचं गणित चौघांत वाटायचं, प्रत्येकाने आपल्या हद्दीवरचं पाणी शेजाऱ्याला कळवत राहायचं.
शुक्रवारी दुपारी बंद करून गेले होते. आम्ही ज्यू; शब्बाथला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, मी मशीन चालवत नाही. रोह्याच्या कंपनीत बरोबर होतो तेव्हापासून घरतला ठाऊक. आज हात लावला तर कोमट.
"पावसात खोली कोंदते गो बाय. भिंत पन गरम लागते."
मी भिंतीबद्दल विचारलंच नव्हतं.

मंगळवार, २२ जुलै
तेच गणित पुन्हा लावलं. गेल्या आठवड्यात गणितात बांध जुन्या उघाडीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी, फुटत होता. आज फुटतो घरतच्या भावाच्या शेतापाशी. भरती तीच, आकडे तेच.
गावकी आमच्या सांगण्यावर माती टाकणार. माती एकाच जागेपुरती. जागा चुकली तर खारं पाणी थेट घरांत.
घरत म्हणतो, "मशीनला म्हाईत, मला काय?"
मशीनला भाऊ नाही.

शुक्रवार, २५ जुलै
रोह्याहून दुपारीच आले. घरतच्या बायकोकडे मुक्काम. ती म्हणाली, "शनवारी तू घर सोडत नायस ना गो?" म्हणून तर शुक्रवारी आले.
मशीन बंद केलं. शब्बाथचे दिवे लावले की लिहायचंही नाही, म्हणून त्याच्या आत लिहून ठेवते. शाळेत नन्सनी चहाडीला पाप म्हटलं होतं. पाळत ठेवण्याबद्दल काही बोलल्याचं आठवत नाही.

शनिवार, २६ जुलै, शब्बाथ संपल्यावर
तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो; ढगांमुळे तारे नाहीत, घड्याळावर भागवलं.
सकाळपासून त्या खोलीत खुर्ची टाकून बसले, कशाला हात न लावता. घरत फळीवर ओल्या मूर्ती घेऊन आत आला. मला पाहून फळी कलली.
"तू हितं? शनवारी?"
मग सगळं निघालं. पावसात शाडू सुकत नाही. म्हणून दर शनिवारी मशीन कसल्यातरी पोकळ गणितावर पळवायचं आणि मागून येणाऱ्या गरम वाऱ्यात गणपती मांडायचे. मागच्या जाळ्या मातीने गच्च.
"सांगितलं असतं तर तू नाय म्हनाली असतीस."
अर्थात.
दम कोंडून एखादा सर्व्हर चुकला असेल. असेलही. पण तापलेलं मशीन मंदावतं, बंद पडतं. नेमकं भावाचं शेत शोधून चुकतं?
अंधार पडल्यावर जाळ्या साफ केल्या, मूर्ती त्यालाच बाहेर न्यायला लावल्या, गणित पुन्हा लावलं. खोलीची किल्ली मागितली. त्याने काढून दिली.
"उघाडी निघाली तर?" मी विचारलं.
"मंग माती उघाडीवर." त्याने कप पुढे केला. "नि पुन्हा भावाचंच शेत निघालं, तर तू मानशील काय?"
मी चहा ओतत राहिले. मशीनचे पंखे चालू आहेत, उत्तर अजून यायचंय.