खंडेनवमीचा नारळ

बाबा,

तुमच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर आता उपचार उरला नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी घरी येऊन पहिलं काय केलं, तर वर्तकनगरच्या आपल्या खोलीच्या खिडक्या लावल्या आणि पंखा बंद केला. आजारी माणसाला वारं लागू द्यायचं नाही, हे आपल्याकडचं शास्त्र. तुम्ही पलंगाच्या कडेला बसून श्वास शोधत होतात आणि एकच विचारत होतात, "खंडेनवमीला... वर्कशॉपला... नेशील ना?" वागळे इस्टेटमधल्या त्या लेथवर तुमचा जन्म गेला, रिटायर झाल्यावरही यंत्रांच्या पूजेचा नारळ दर वर्षी तुमच्याच हातचा. मी खिडकीची कडी पुन्हा तपासायचे.

मग घरी येऊन पेशंट बघणाऱ्या सिस्टर आल्या. आल्या आल्या त्यांनी खिडकी उघडली, टेबलफॅन तुमच्या चेहऱ्यावर सोडला, पुढ्यात स्टुलावर उशी ठेवून तुम्हाला ओणवं टेकवलं.

"अहो, वारं लागेल त्यांना!"

"लागू दे की. म्हणूनच लावलाय."

डॉक्टरांनी लिहून दिलेली मॉर्फिनची गोळी म्हणजे शेवट आला असं नसतं, तिनं धाप हलकी होते, हेही त्यांनी मला समजावलं. मग तुमच्याकडे वळल्या. "काका, तुम्हाला काय हवंय?" आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

"नारळ फोडायचाय."

नवमीला निघण्याआधी अर्धा तास गोळी, रिक्षा थेट शेडच्या दारात, चार पावलांवर एक खुर्ची. तुम्ही लेथला हळदकुंकू वाहता, नारळ उचलता. पहिल्या फटक्यात फुटत नाही. नवा सुपरवायझर हात पुढे करतो.

"थांब रे, अजून मी आहे इथे!"

पूर्ण वाक्य, एका दमात. दुसऱ्या फटक्याला दोन सरळ शकलं, आणि शेडभर टाळ्या. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणता, "आणि ही बया पंखा बंद करत होती!"

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. पण घरी, आणि माझ्यावर ओरडण्याइतका श्वास शेवटच्या दिवसापर्यंत टिकवून. ही आपली जीतच होती, बाबा. मी ती अजून मिरवते.

हे पान वहीतच राहील, म्हणून सांगते. दुकानात मॉर्फिनच्या गोळ्या नाहीत, असं सिस्टर येण्याआधी मी तुम्हाला दोन दिवस सांगत होते. त्या माझ्या पर्समध्येच होत्या. पहिली दिली की तुम्ही जाल, असं वाटायचं मला.