चांदीच्या शाईची पट्टी

सोमवार, ३ जून

लागलं एकदाचं आमच्या छपाईच्या दुकानाला कुलूप! लोक आता लग्नपत्रिका फोनवरच पाठवतात, छापणार कोण? म्हणून मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी या वर्गात. प्लास्टिकवर वायरी छापायला शिका म्हणे! शिकवणारा दर वाक्याला 'ओहम, ओहम' करतो. मला वाटलं जप चाललाय. ते विजेच्या अडथळ्याचं माप निघालं. आजपासून त्याचं नाव ओहमसाहेब.

मंगळवार, ४ जून

या शाईत चांदी असते — खरी चांदी! डबी एवढीशी. मी आपलं सवयीने थोडं थिनर ओतलं. दुकानात शाई अशीच पुरवायचो. छपाई काय सुरेख आली! दिवा मात्र पेटेना. "बाई, पातळ केलीत की चांदीचे कण लांब लांब पडतात. वीज जाणार कुठून?" ओहमसाहेब. जाऊबाई फिदीफिदी हसल्या. घरी पोचायच्या आत दिरांना फोनवर सांगूनही झालं.

शुक्रवार, ७ जून

दिवसभर जाळीवरून शाई ओढून ओढून खांदा निखळायचा बाकी आहे.

बुधवार, १२ जून

परीक्षा ठरली. छातीवर चिकटवायची पट्टी छापायची, जोडीदाराला लावायची, पडद्यावर हृदयाचे ठोके नीट दिसले की पास. पास झालं की मोठ्या मशीनवर नोकरी, पण जागा एकच. मला ती हवीच! घरी बसून सगळ्यांचे कप विसळायचे नाहीत मला. आणि जोडीदार कोण? जाऊबाई! त्यांनाही तीच जागा हवी. झालं कल्याण!

गुरुवार, १३ जून

त्यांची पट्टी माझ्या छातीवर — रेघ कशी शहाण्यासारखी. माझी त्यांच्या छातीवर — दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन-चार एकदम. "पुन्हा थिनर?" ओहमसाहेब. अहो, थेंबसुद्धा नाही! कोण ऐकतंय.

शुक्रवार, १४ जून

नवी छापली, भट्टीत नीट वाळवली. वॉचमनला लावली — उत्तम. झाडणाऱ्या बाईंना — उत्तम. जाऊबाईंना — तोच तमाशा! मुद्दाम हलतात. "गप्प बस की गं, ढोंगी!" मी म्हटलं. तर, "ताई, शपथ, हलत नाहीये. जरा दमल्यासारखं होतंय, इतकंच." दमायला काय झालं? एक जिना चढल्या, त्यात दोनदा बसल्या. नाटकं नुसती.

सोमवार, १७ जून

आज ढोंग उघडं पाडायचंच ठरवलं. त्यांनीच छापलेली, पास झालेली पट्टी सगळ्यांसमोर त्यांनाच लावली. रेघ तशीच वेडीवाकडी! मी टाळीच वाजवली — "बघा! माझी पट्टी चांगलीच होती. खोट हिच्यातच आहे!"

कुणी हसलं नाही. ओहमसाहेब पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "उठू नका हं. तशाच बसा." आणि फोन शोधायला लागले. तेव्हा कुठे मला माझंच बोलणं ऐकू आलं.

मंगळवार, १८ जून

मोठ्या मशीनवरची जागा मला मिळाली. दीर हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून उभे आहेत. तिला आत नेलंय, अजून कुणी बाहेर येत नाही.

अगं, हलत होते म्हण ना. एकदा तरी म्हण.