खुनी सांगायचा नाही

नाना, तुमच्या वाचनालयाला आता पंखा आला आहे. फिरतो हळूच, पण फिरतो. तुमच्या वेळेस दुपारी जिथे पाच मिनिटांच्या वर कुणी टिकत नसे, तिथे आता तीन म्हातारे तोंडावर पेपर घेऊन झोपतात आणि हजेरीपटावर वाचक म्हणून मोजले जातात. तुमची खुर्ची तीच आहे, फक्त तिच्यावर आता एक बाई बसते. चाळिशीच्या आतली, बोलायला चलाख. तिला पुस्तकं मनापासून आवडतात आणि ती ते लपवते, असा मला पहिल्या दिवसापासून संशय आहे. मागच्या महिन्यात तिने मला नगरला फोन केला. म्हणाली, कपाटं भरली आहेत, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं काढून टाकायची आहेत, पण हात धजत नाही. तुम्ही संस्कृतच्या मॅडम असून मोबाईलवरच्या वाचकांच्या गटात खुनाच्या कादंबऱ्यांवर चार-चार ओळी लिहिता, तशा या पुस्तकांवर लिहून द्या. मी त्यांची कार्डं करून लावते. कुणी नेलं तर राहील, नाहीतर जाईल. 'असून' हा शब्द तिने मुद्दाम वापरला होता की सहज, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तर मी आता दर रविवारी मिरजगावला येते आणि पुस्तकांना अभयदान देत बसते. तुम्हाला हसू येईल. शास्त्रं शिकायला पाठवलेली मुलगी पन्नाशीत रहस्यकथा आणि किशोरकथा वाचते आणि त्यावर मतं देते, तीही नव्या-जुन्या दोन्हींवर, कारण गटातल्या लोकांना नवी लागतात आणि तुमच्या कपाटात जुनी आहेत. जुन्यांबद्दल माझं मत असं, की पहिली साठ पानं पाऊस पडतो आणि दिवे जातात, प्रेत येईपर्यंत वाचकच टेकीला येतो, पण एकदा प्रेत पडलं की लेखक नाकासमोर चालतो. नव्यांची गोष्ट वेगळी. त्यांत गोष्ट सांगणाराच खोटारडा निघतो. तीनशे पानं आपल्याशी गोड बोलतो आणि शेवटी म्हणतो, मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. मला असल्या कादंबऱ्या आवडत नाहीत. का आवडत नाहीत ते पुढे येईलच. किशोरांच्या पुस्तकांत आई-बाप पहिल्या प्रकरणातच मरतात किंवा परदेशी जातात, म्हणजे मुलं भुयारात शिरायला मोकळी. पण त्या पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलांनी पेन्सिलीने जे लिहिलंय, ते वाचून मी माझी चार कार्डं फाडली. एकाने लिहिलंय, 'कुत्रा मरत नाही. घ्या.' एकीने लिहिलंय, 'मुलगी शूर आहे पण अभ्यास कधी करते?' यापुढे मी काय लिहिणार.

शेवटच्या कोऱ्या पानावर मत लिहायची ही रीत तुम्ही पाडलेली. पुस्तक परत देताना दोन ओळी लिहिल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही. शिंप्यापासून सरपंचापर्यंत सगळे तुमच्या टेबलाशी उभे राहून पेन्सिल चावायचे. अट एकच होती, खुनी सांगायचा नाही. कुणी सांगितला, तर तुम्ही त्याला महिनाभर डाळिंब लागवडीची पुस्तिका द्यायचात आणि तिच्यावरही मत लिहून घ्यायचात. तेरा वर्षांची असताना मी एका कादंबरीच्या पहिल्याच पानावर, नावाच्या खाली, 'मामाने मारलं' असं लिहून ठेवलं होतं. शाईने. कारण काहीच नव्हतं, नुसती मस्ती. पुस्तक शिंप्याच्या हातात गेलं आणि तो बिचारा रडवेला होऊन परत आला. तुम्ही मला मारलं नाही. ब्लेड दिलं आणि समोर बसवून अक्षर न् अक्षर खरवडून काढायला लावलं. शाई निघेपर्यंत कागदाला भोक पडलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचा संशय असा मोडू न्हाई, बाई. त्यो त्यानं कष्टानं केलेला असतोय." तुम्ही लिहिताना शुद्ध लिहायचात आणि बोलताना कधीच नाही. त्यामुळे तुमची लिहिलेली वाक्यं मी विसरले आणि बोललेली सगळी लक्षात आहेत.

त्यानंतर आपला खेळ सुरू झाला. दोघांनी एकच कादंबरी वाचायची, निम्मी झाली की आपापला संशय चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालून पुस्तकाच्या मागच्या खिशात, कार्डामागे ठेवायची आणि शेवट झाल्यावर उघडायची. तुमच्या चिठ्ठीवर कायम एकच शब्द असायचा, 'डॉक्टर'. कादंबरीत डॉक्टर असला की खून त्यानेच केला. एका गोष्टीत डॉक्टर दुसऱ्या प्रकरणातच मेला, तरी तुम्ही त्याच्यावरचा संशय सोडला नाहीत. म्हणालात, मेल्याचं सोंग घेतलं असंल. मी पुण्याला संस्कृतातलं न्यायशास्त्र शिकून आले तेव्हा तुम्हाला ऐकवलं होतं, की शास्त्रात आधी संशय, मग तर्क, मग निर्णय, आणि तुम्ही मधलं स्टेशन न घेता थेट गाडी नेता. तुम्ही म्हणालात, "डाक्टरच्या बाबतीत मधलं ठेसन लागत न्हाई." एवढ्या वर्षांत एकदाही तुमची चिठ्ठी बरोबर निघाली नाही, नाना. एकदाही नाही. आणि प्रत्येक वेळी तुम्ही चिठ्ठी उघडून, वाचून, शांतपणे बंडीच्या खिशात घालायचात.

आता ती मार्चमधली दुपार. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डावा आधीच अधू. मी रविवारी नगरहून यायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तुम्हाला वाचून दाखवायचे, कारण तिथे गारवा असायचा आणि आईलाही ऐकायचं असायचं. ती हरभऱ्याची डाळ निवडायची आणि मधूनच सांगायची की अमक्या बाईची लक्षणं बरी दिसत न्हाईत. पुस्तक होतं बंगल्यात मेलेल्या वकिलाचं. अभ्यासाच्या खोलीत मरून पडलेला, दाराला आतून कडी, सगळे मिळून दार फोडतात. संशय घ्यायला एक पुतण्या, एक नोकर, एक डॉक्टर आणि लांबच्या नात्यातली एक मावशी, जी दर प्रकरणात सगळ्यांना चहा करून देते. डॉक्टर आला तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही काही बोलला नाहीत. निम्म्यावर आलो तसा तुम्ही कागद मागितलात. दिसत नव्हतं तरी स्वतःच लिहिलंत, हाताने कागदाची कड चाचपत. मी लिहिते म्हटलं तर म्हणालात, चोराच्या हातात किल्ली द्यायची का. घडी घालून खिशात सरकवलीत. माझी चिठ्ठी मी त्या वेळी लिहिलीच नाही, ते तुमच्या लक्षात आलं होतं का कोण जाणे.

तिसऱ्या रविवारी तीस-एक पानं उरली होती. साडेचार वाजून गेले होते. मी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा होती, पाचला सोलापूरकडून येणारी नगरची गाडी होती. मी पान उलटल्याचा आवाज केला, आणखी एकदा केला, आणि शेवट बनवला. चांगला आवाज लावून, गुप्तहेराचं भाषणसुद्धा केलं. खुनी डॉक्टर. तुमच्या चिठ्ठीत डॉक्टरच असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी नानांना जिंकू दे. आई म्हणाली, मला तर त्यो बरा वाटला हुता. तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. मग विचारलंत, "मंग कडी आतून कशी लागली?"

"त्याने नंतर लावली."

"आतून?"

"हो ना."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "बरं."

मी चिठ्ठी काढायला हात पुढे केला, तर तुम्ही पुस्तकावर हात ठेवलात. "ऱ्हाऊ दे ती. जा, गाडी जाईल तुजी." मला वाटलं, जिंकलेला माणूस लाजतोय. गाडीत मी स्वतःवर खूश होते. पुढच्या रविवारच्या आत तुम्ही गेलात. झोपेतच, कुणाला काही न विचारता. तेराव्यानंतर आईने घरातली वाचनालयाची सगळी पुस्तकं शेजाऱ्याबरोबर परत पाठवली. माझ्याकडे तुमच्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण भेटणाऱ्या माणसाला मी वीस-बावीस वर्षं हीच एक गोष्ट सांगत आले, की शेवटच्या भेटीत मी नानांना जिंकवलं. लोकांचे डोळे भरून यायचे. एकदोनदा माझेही.

तुम्ही ओळखलं असेल, मागच्या रविवारच्या ढिगात ते पुस्तक निघालं. तारखांच्या कागदावर शेवटची तारीख तुम्ही नेल्याची, त्यानंतर कुणाचाही हात लागलेला नाही. मी आधी मागचा खिसा पाहिला नाही, इतकं तुमचं शिकवणं उरलंय. तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचलं. म्हातारे उठून गेले, दुसरे येऊन झोपले. बाईने चहा आणून ठेवला. शेवटची तीस पानं मी पहिल्यांदाच वाचत होते. खून मावशीने केलाय, नाना. कडी तिनेच लावली होती, आणि ती खोलीतून बाहेर पडलीच नव्हती. पडद्यामागे उभी राहिली, दार फुटलं, सगळे प्रेताकडे धावले, तशी ती मागून रडत पुढे आली आणि गर्दीतली झाली. मग मी कार्डामागे बोट घातलं. कागद पिवळा पडलाय, ओळ तिरपी खाली उतरत गेलीय. 'चहावाली बाई. ती बाहेर गेलीच नाही.'

मी चहाकडे पाहिलं आणि तो प्यायले नाही. बाईला वाटलं, साखर जास्त झाली.

म्हणजे आयुष्यात एकदाच तुम्ही मधल्या स्टेशनावर उतरलात, तर्क केलात, डॉक्टरला सोडून दिलंत, आणि बरोबर निघालात. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने दिसत नाही, आणि नुसतं ऐकून. आणि नेमक्या त्याच खेपेला मी तुम्हाला सांगितलं की तुम्ही चुकलात. शास्त्रात संशयाला दोन बाजू लागतात. समोर दिसतो तो खांब आहे की माणूस, असं. माझ्या दोन बाजू अशा. एक, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि आणखी एकदा हरलो असं समजून गेलात. दुसरी, 'आतून?' हे तुम्ही विचारलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं की मी वाचत नाहीये, आणि मला उघडं पाडायचं नाही म्हणून तुम्ही चिठ्ठीवर हात ठेवलात. यातली कुठली बरी, हे मला आठ दिवसांत ठरवता आलेलं नाही. सकाळी एक वाटते, दुपारी दुसरी.

साक्षीदार एकच उरलाय, म्हणजे आई. तिला ऐकू कमी येतं, पण पुस्तकातली मावशी तिला पक्की आठवते. मी विचारलं, मी गेल्यावर नाना काय म्हणाले होते. ती म्हणाली, "हसले हुते."

"कशाला हसले?"

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुज्यावर ते कायमच हसायचे की. आता कुठलं हसू कुठल्या दिवशीचं, ते मी ध्यानात ठिवलंय का?" मग जरा वेळाने स्वतःच म्हणाली, "मला म्हनले, चांगलं वाचती." मी विचारलं, हसायच्या आधी म्हणाले की नंतर? ती म्हणाली, "तुजी उलटतपासणी झाली असंल तर भाकरी खाऊन घी." साक्षीदार फुटला, नाना. उद्या विचारलं तर म्हणेल हसलेच नव्हते.

त्या पुस्तकाचं कार्ड मी लिहून दिलंय. 'पहिली साठ पानं धीर धरा. शेवटपर्यंत वाचा. कुणाला वाचून दाखवत असाल तर गाडी चुकली तरी चालेल.' बाईने ते दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता पुस्तक राहणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. ती सगळं ओळखते असा माझा संशय आहे. मागच्या कोऱ्या पानावर तुमचं मत नव्हतं. तिथे मी काही लिहिलं नाही. ती जागा तुमची.

हे पत्र त्या पुस्तकाच्या खिशात ठेवावं असं मनात आलं होतं. तुमच्यापर्यंत पोचेल असा दुसरा पत्ता मला माहीत नाही. पण यात खुनी कोण ते लिहिलंय. पुढचा वाचक आधी हे उघडायचा, आणि मला या वयात डाळिंबाची पुस्तिका घ्यायची नाही. तेव्हा हे माझ्याकडेच राहील, तुमच्या चिठ्ठीबरोबर, एका घडीत.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही. त्या दिवशी पाचच्या गाडीनंतर साडेसहाचीही होती. मला ठाऊक होतं.