गाडी कोण ढकलत होतं

प्रिय माजेला,

स्ट्रबेनच्या वाचनालयात आपल्या शर्ट कारखान्याची जुनी वार्तापत्रं मांडली आहेत. १९७४च्या एका अंकात माझ्या लग्नाआधीच्या धिंडीचा फोटो सापडला, लग्न ठरलेल्या पोरीला पीठ फासून गावभर फिरवायचो ना, ती. मला कापडाच्या ढकलगाडीला बांधलंय, डोळ्यांत पीठ गेलंय आणि पोरी खिदळताहेत.

त्या दिवशी तू आली नाहीस, म्हणून मी पन्नास वर्षं तुझ्याशी बोलले नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "अगं बये, गाडी मीच ढकलत होते! तुला पाठीला डोळे आहेत का?" मी म्हणाले, "खोटारडी!"

फोटोखाली ढकलणारीचं नाव ऊना हार्किन छापलंय. तोंड पिठाने पांढरं, पण अंगठ्याला पट्टी आहे. त्या आठवड्यात मशीनची सुई तुझ्या अंगठ्यातून आरपार गेली होती. की ऊनाच्या? नावं तपासून छापायला त्यांना काय धाड भरली होती?

चूक झाली की कबूल करावी, असं शाळेत सिस्टरांनी शिकवलं. पण चूक माझी की छापणाऱ्याची, हे कुणाला विचारू? ऊना तर गेली. तू दोनच गल्ल्या पलीकडे राहतेस. पत्र तीनदा पाकिटात घातलं आणि तीनदा काढलं.

अंगठ्यावर वण आहे का गं अजून?

तुझी, रागावलेली, पण आता कुणावर ते न कळणारी,
अट्राक्टा