आईचा फोटो

एरंडोल, कार्तिक, १९१८

ती. अक्कास झुलालचा नमस्कार.

आई गेली तेव्हा मी उशाशी होतो, असं तुला रावेरला कळवलं. ते खोटं होतं. त्या सकाळी ती तापात म्हणाली, “आज नको जाऊ रे, मना जीव घाबरस.” पण कापूस वेचणीला आला होता, ऊनही छान पडलं होतं. मी कॅमेरा घेऊन शेतांकडे गेलो. परतलो तेव्हा तिचं डोकं शेजारच्या अमिनाबींच्या मांडीवर होतं.

“तुलाच हाका मारत गेली,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून कॅमेरा हातात धरवत नाही.

आता तू तिचा फोटो मागतेस. अक्का, गावाचा एकेक हंगाम मी टिपला, आईचा फोटो कधी काढलाच नाही. हे पत्र पेटीतच राहील. तुला लिहीन, ज्या काचेवर तिचा फोटो उतरवला होता ती काचच फुटली.

तुझा अभागी भाऊ,
झुलाल