नावं एकाच पानावर मावली असती तर

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. मंजूताई,

सा. नमस्कार. मी इथं बरा आहे. तू, दाजी आणि मुलं मजेत असाल. थंडी चांगली पडली आहे, सकाळी पाण्यात हात घालवत नाही. आबांच्या गोळ्या शहागंजातून घेऊन कन्नडच्या गाडीनं पाठवल्या. त्या पोचल्याचा आईचा निरोप आला.

पत्र घरी न पाठवता अंगणवाडीच्या पत्त्यावर का, असं तुला वाटेल. घरी फोन केला की दाजी हौसेनं स्पीकर लावतात आणि मग सगळ्यांशी बोलावं लागतं. हे तू एकटीनं वाच. खिचडी वाटून झाली की वाच.

माझं काम तू दर वेळी विचारतेस आणि मी "अमेरिकेचं काहीतरी असतं" म्हणून विषय बदलतो. आज नीट सांगतो. दिवसभर शहागंजातल्या दुकानात टायपिंग करतो: अर्ज, लग्नपत्रिका, बायोडाटा. दुकान बंद झालं की अभय सरांच्या यूट्यूब चॅनेलसाठी लिहितो. मालिकेचं नाव 'दुसरी अमेरिका'. तिथल्या राष्ट्राध्यक्षाची एखादी निवडणूक घ्यायची, तिच्यातली एकच गोष्ट बदलायची आणि पुढं काय झालं असतं ते लिहायचं. एकच बदल, हा माझा नियम. बाकी तारखा, कायदे, माणसं होती तशीच ठेवायची. दोन गोष्टी बदलल्या की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. सरांना हे पटत नाही. परवा म्हणाले, "मधी एखादा खून टाक की रे. लोक झोपतेत." मी म्हटलं, खून न पाडताही राष्ट्राध्यक्ष बदलता येतो. तर म्हणाले, "मग तूच ऐकत बैस."

सध्या सन दोन हजारची निवडणूक चालू आहे. फ्लोरिडा राज्यात तिचा निकाल ५३७ मतांवर लागला. तिथल्या एका भागात मतपत्रिका तयार करणाऱ्या बाईंनी म्हाताऱ्या माणसांना नीट दिसावं म्हणून अक्षर मोठं केलं. त्यामुळं नावं एका पानात मावेनात. ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत देताना भोक पाडायची जागा दोन्हींच्या मधे आली. कित्येकांनी भलत्याच उमेदवारापुढं भोक पाडलं. ताई, हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मीही रोज पानंच लावतो. आजोबा लोक येऊन अक्षर मोठं कर म्हणतात आणि मी करतो. माझ्या गोष्टीत त्या बाई अक्षर लहानच ठेवतात. लोक चष्मे पुसतात, कुरकुर करतात, पण भोक बरोबर जागी पाडतात आणि दुसरा माणूस निवडून येतो. पुढचे आठ भाग त्याच्या कारभाराचे आहेत. त्याच्यावरही मी संकटं आणली, त्याच्याही चुका दाखवल्या. सगळं गोड झालं असतं असं लिहिलं तर कोण खरं मानेल?

दिवाळीत तुझ्याकडं मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा सोनियाला मी हेच सांगितलं होतं. तुम्ही सगळे आत चहाचं बघत होता. तिनं नीट ऐकून घेतलं आणि हसत विचारलं, "म्हंजी खोटंच लिवता व्हय?"

मी म्हटलं, खोटं नाही, होऊ शकलं असतं ते लिहितो.

"आन् कुणी खरं धरून बसलं तर?"

तेवढ्यात तू पोहे घेऊन आलीस. मी पोहे खात बसलो. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

काल सोनियाच्या वडिलांचा, सर्जेरावकाकांचा फोन आला. फार प्रेमानं बोलले. रविवारी सुपारी फोडायची, माणसं सांगून झाली आहेत. ओळखीच्या एका संस्थेत क्लार्कची जागा निघते आहे, तीही त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली आहे. म्हणाले, "जावाई, येताना तेवढी बीएची ओरिजनल मार्कशीट आणा. बाकी म्या बघतो."

ताई, मार्कशीट नाही. मी बी.ए. झालेलो नाही.

दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले. त्यानंतर मी कॉलेजात गेलोच नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा आबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. दवाखान्यातून तुझा फोन आला, "आबा इचारतेत, काय लागलं रे?" आबांना आत नेत होते. मी म्हटलं, पास. एवढी एकच गोष्ट बदलली. पुढचं सगळं आपोआप खरं होत गेलं: आबा वाचले, गावात सांगत फिरले, तुला भावाचा अभिमान वाटला. स्थळाचं निघालं तेव्हा बायोडाटा मीच टाईप केला. 'शिक्षण: बी.ए. (इतिहास)'. दोनदा तपासला. दाजींच्या या काकांपुढं तू म्हणालीस, माझा भाऊ आहे, डोळे झाकून पोरगी द्या. मी तिथंच बसलेलो होतो.

आता उरलेलं लिहितो. काल फोन ठेवल्यावर मी दुकानात मार्कशीट बनवली. माझ्या हाताला ते अवघड नाही. सगळ्या विषयांत भरघोस मार्क टाकले नाहीत, इतिहासात बरे आणि इंग्रजीत काठावरचे मार्क दिले, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. छापून हातात घेतली आणि दोन मिनिटं मला खरोखर आनंद झाला. त्या दोन मिनिटांची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

ती फाडली. फाईलही पुसली. पण तासाभरात पुन्हा बनवता येईल हे मला माहीत आहे, आणि रविवार अजून पाच दिवस लांब आहे. फोनवर मी शब्द फिरवले असते. हे पत्र पेटीत टाकलं की मागं घेता येणार नाही, म्हणून लिहितो आहे. सोबत दुसऱ्या वर्षाची खरी मार्कशीट आहे. ती तुझ्याकडंच ठेव, मी मागितली तरी देऊ नको.

दाजींना आधी सांग. तुला काही माहीत नव्हतं असं स्पष्ट सांग, तुला खरंच माहीत नव्हतं. तुझ्या सासूबाई बोलतील, काका तर बोलतीलच. तुला त्याच घरात राहायचं आहे आणि मला इथं पडेगावात निघून यायचं आहे, हे मला कळतं. त्यावर उपाय मला सुचलेला नाही. आबांना मी स्वतः सांगेन, पण समोर बसून.

वर एक ओळ खोडलेली दिसेल. तिथं 'तू येऊ नको म्हणालीस तर मी येणार नाही' असं लिहिलं होतं. ते खोडलं. रविवारी पहिल्या गाडीनं मी फुलंब्रीला येतो. माणसं जमायच्या आधी काकांना आणि सोनियाला मीच सांगेन. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.

मुलांना या वेळी माझ्याकडून आशीर्वाद वगैरे काही सांगू नको.

तुझा भाऊ,
सत्यम
बी.ए. द्वितीय वर्ष, दोन विषयांत अनुत्तीर्ण